पिलांचे संगोपन आणि शक्तीचा जमाखर्च

(इयत्ता ५ वी ते ७ वी : निसर्ग-निरीक्षण व गणित यांचा संयुक्त पाठ)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका लहान गावातील शाळेची वार्षिक तपासणी करीत असता मी चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. गुरुजी पक्ष्यांचा पाठ घेत होते. पाठाची तयारी चांगली होती, चित्रे स्वच्छ होती, फळ्यावरील अक्षर वळणदार होते. घार दोन किंवा तीन अंडी घालते, असे गुरुजींनी सांगताच मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "गुरुजी, आमची कोंबडी तर बारा अंड्यांवर बसते. मग घार दोन-तीनच का घालते? तिला जास्त पिले नकोत का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मला उत्तर येत नव्हते, आणि येत नाही असे म्हणण्याचे धैर्यही त्या वेळी मला झाले नाही. "हा प्रश्न आजच्या पाठाबाहेरचा आहे," असे मी म्हणालो. मुलगी खाली बसली. जाताना शेरेबुकात मी असा शेरा लिहिला की, विद्यार्थ्यांचे प्रश्न विषयाला धरून असतील अशी दक्षता शिक्षकांनी घ्यावी. तो शेरा लिहिण्यात माझी चूक झाली. मुलीचा प्रश्न विषयाला धरून तर होताच. पण प्राणिशास्त्रातील मोठमोठ्या अभ्यासकांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे खर्ची घातली तोच तो प्रश्न होता. पुढे वाचन करताना हे माझ्या ध्यानी आले. तेव्हाचे राहिलेले उत्तर प्रस्तुत पाठाच्या रूपाने आपणांपुढे ठेवीत आहे.

पाठाचे हेतू

(१) पिले वाढविण्यास शक्ती लागते व ती अन्नातून मिळवावी लागते, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे. (२) खर्च आज केला तरी त्याची किंमत पुष्कळदा काही महिन्यांनी द्यावी लागते, हे शिकारी पक्ष्याच्या उदाहरणाने स्पष्ट करणे. (३) नुसते पाहणे आणि प्रयोग करणे यांतील भेद दाखविणे.

विषयप्रवेश

मुलांना प्रथम कोंबडीच्या व चिमणीच्या पिलांतील फरक विचारावा. कोंबडीचे पिलू अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात चालू लागते व स्वतः दाणे टिपते. आईने त्याला ऊब द्यावी, राखावे व वाट दाखवावी, एवढेच. म्हणून बारा पिले झाली तरी कोंबडीला बारा जणांचे दाणे चोचीतून वाहून आणावे लागत नाहीत. चिमणी, घार, ससाणा यांची पिले मात्र दुबळी जन्मतात. त्यांचा प्रत्येक घास आईबापांना शोधून, पकडून आणि वाहून आणावा लागतो. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आपल्याला एका लहानशा शिकारी पक्ष्याची ओळख करून घ्यावयाची आहे.

पक्ष्याचा परिचय

या पक्ष्याला इंग्रजीत केस्ट्रेल व मराठीत खरुची म्हणतात. हा ससाण्याच्या कुळातील आहे. नराचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते, मादी त्याहून काहीशी भारी असते. पाठ विटकरी तांबूस असून तिच्यावर काळे ठिपके असतात. हिवाळ्यात आपल्याकडील माळरानांवर हा पाहुणा म्हणून येतो. वाऱ्याकडे तोंड करून, पंख फडफडवीत तो हवेत एकाच जागी तरंगतो व खालच्या गवतात उंदीर, सरडे, टोळ यांचा शोध घेतो. आपल्याकडील कापशी घारही अशीच तरंगते. परंतु ती करड्या-पांढऱ्या रंगाची असून तिच्या खांद्यावर काळा डाग असतो. दोघींतील हा भेद मुलांस आधीच सांगून ठेवावा.

आता ज्या अभ्यासाची हकीकत सांगावयाची आहे तो युरोपात, नेदरलंड्स देशाच्या उत्तर भागात झाला. तेथे लाउवर्समेर नावाचा प्रदेश आहे. पूर्वी ती समुद्राची खाडी होती. १९६९ साली बांध घालून ती समुद्रापासून तोडण्यात आली व पाण्याखालची पुष्कळ जमीन उघडी पडली. तिच्यावर गवत माजले आणि त्या गवतात व्होल नावाचे, आखूड शेपटीचे, उंदरासारखे प्राणी वाढले. व्होल हे खरुचीचे आवडते भक्ष्य. ग्रोनिंगन विद्यापीठातील सर्ज दान, रूडी ड्रेंट, कॉर डायक्स्ट्रा, डर्कयान मास्मान आदी संशोधकांनी तेथे घरट्यांसाठी लाकडी पेट्या उभारल्या, पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली आणि त्यांच्या दिनचर्येची अनेक वर्षे नोंद ठेवली.

विषय-विवेचन : (अ) घरातील कामाची वाटणी

खरुचीची मादी बहुधा ४ ते ६ अंडी घालते. सुमारे चार आठवडे ती उबवावी लागतात, आणि पिले उडू लागण्यास आणखी सुमारे चार आठवडे लागतात. अंडी घालण्यापूर्वीपासूनच मादी शिकार जवळजवळ थांबविते व नर तिला अन्न आणून देतो. अंडी उबविण्याचे काम मुख्यतः मादीचे. पिले लहान असताना ती त्यांना ऊब देते व नराने आणलेल्या भक्ष्याचे तुकडे करून भरविते. म्हणजे या काळात नर स्वतःसाठी, मादीसाठी आणि सर्व पिलांसाठी शिकार करतो. पिले मोठी झाली की मादीही शिकारीला निघते.

(आ) काटकसर

शिकार करण्याच्या दोन रीती या पक्ष्याला अवगत आहेत. एक, खांबावर किंवा फांदीवर बसून वाट पाहणे. दुसरी, हवेत तरंगून शोधणे. बसून वाट पाहण्यास शक्ती थोडी लागते, पण तासाला मिळकतही थोडी होते. तरंगण्यास शक्ती फार लागते, पण मिळकत अधिक होते. हिवाळ्यात, जेव्हा पक्ष्याला केवळ स्वतःचे पोट भरावयाचे असते, तेव्हा तो पुष्कळसा वेळ खांबावर काढतो. पिले झाली की त्याला तरंगण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आणखी दोन गोष्टी मुलांना फार आवडतील. व्होल हे प्राणी दिवसा सुमारे दोन दोन तासांच्या अंतराने बिळाबाहेर येतात. काल ज्या जागी, ज्या वेळी शिकार साधली, त्याच जागी व त्याच सुमारास आज पुन्हा जाण्याकडे खरुचीचा कल असतो, असे दिसून आले. दुसरी गोष्ट अशी की, दिवसा पकडलेले सर्व भक्ष्य तो लगेच खात नाही. काही भाग गवताच्या झुबक्यात लपवितो आणि दिवस मावळताना येऊन खातो. भरल्या पोटाने उडणे म्हणजे ओझे घेऊन उडणे. तेव्हा दिवसा हलके राहून रात्रीपुरते जेवण संध्याकाळी करणे यात शक्तीची बचत होते.

(इ) शक्ती मोजावयाची कशी?

"रानातल्या पक्ष्याने किती शक्ती खर्च केली हे कसे कळणार?" असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. येथे हौदाचे गणित उपयोगी पडते. सारखेच दोन हौद आहेत. पहिल्याला एक तोटी आहे. दुसऱ्याला तशीच एक तोटी आहे व शिवाय आणखी एक. दोन्ही हौद किती रिकामे झाले ते मोजले, तर वजाबाकीने त्या जास्तीच्या तोटीतून किती पाणी गेले ते कळते.

पाणी हे हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनते. या दोन्ही मूलद्रव्यांचे नेहमीपेक्षा जड असे अणू असतात. असे जड अणू असलेले थोडे पाणी पक्ष्याच्या शरीरात घालतात, थोड्या वेळाने रक्ताचा थेंब घेतात आणि त्याला सोडून देतात. एक-दोन दिवसांनी त्याला पुन्हा पकडून दुसरा थेंब घेतात. जड हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे जातो. ही पहिली तोटी. जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातो आणि उच्छ्वासातील कर्बवायूवाटेही जातो. ही जास्तीची तोटी. दोहोंच्या वजाबाकीवरून किती कर्बवायू बाहेर पडला ते कळते, व त्यावरून शरीरात किती इंधन जळले ते काढता येते. ही युक्ती अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे नेथन लिफ्सन व त्यांचे सहकारी यांनी शोधून काढली. १९६४ साली ती उडणाऱ्या कबुतरांना लावून पाहण्यात आली आणि पुढे खरुचीसारख्या रानपक्ष्यांनाही.

या व अशा मापनांवरून असे दिसले की, पिलांना भरविणाऱ्या नराचा रोजचा खर्च, स्वस्थ पडून राहिल्यास लागणाऱ्या किमान खर्चाच्या सुमारे चौपट असतो. ड्रेंट व दान यांनी १९८० साली निरनिराळ्या पक्ष्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा इतर अनेक पक्ष्यांतही आईबापांचे श्रम याच मर्यादेच्या आसपास आढळले. विशेष असे की, नेदरलंड्समध्ये जूनचा दिवस सुमारे सतरा तासांचा असतो. उजेड आणखी उरलेला असतो, पण पक्षी साऱ्या दिवसभर उडत राहत नाही. तो हात राखून खर्च करतो. असे का करावे?

फलकावरील हिशेब

(पुढील आकडे केवळ गणितासाठी सोयीचे धरले आहेत, हे वर्गात सांगावे.) घरट्यात ५ पिले आहेत. प्रत्येक पिलाला रोज ३ व्होल, मादीला ३ आणि नराला ४ व्होल लागतात. नर तरंगून तासाला ४ व्होल पकडतो.

एकूण गरज : १५ + ३ + ४ = २२ व्होल. उड्डाणाचा वेळ : साडेपाच तास.

आता २ पिले वाढली. एकूण गरज : २१ + ३ + ४ = २८ व्होल. उड्डाणाचा वेळ : ७ तास.

दीड तास वाढला. परंतु हिशेब येथे संपत नाही. जास्तीच्या प्रत्येक तासाच्या उड्डाणासाठी नराला स्वतःला अर्धा व्होल अधिक खावा लागतो असे धरा. दीड तासाला पाऊण व्होल झाला, आणि तो पकडण्यास आणखी सव्वाअकरा मिनिटे. त्या सव्वाअकरा मिनिटांसाठी पुन्हा थोडे अन्न. अशा रीतीने श्रमाला श्रम लागत जातात, हे सातवीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे.

(ई) प्रयोग

पक्षी तेवढीच अंडी का घालतो याविषयी इंग्लंडमधील पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली असे मत मांडले होते की, आईबाप जितक्या पिलांना पोसू शकतील तितकीच अंडी घालण्याची सवय निसर्गाच्या निवडीने टिकून राहते. १९६६ साली अमेरिकेतील जॉर्ज विल्यम्स यांनी त्यात एक मोलाची भर घातली. त्यांचे म्हणणे असे की, आईबापांना पुढच्या वर्षीही जगावयाचे असते. या वर्षी फार खर्च केला तर पुढच्या वर्षीची पिले बुडतात, तेव्हा तोही हिशेब धरला पाहिजे.

हे खरे की खोटे हे नुसते पाहून ठरविता येत नाही. शिक्षकांनी येथे थांबून मुलांना विचारावे, "ज्या शेतकऱ्याकडे चार बैल आहेत तो अधिक जमीन पेरतो. अधिक जमीन पेरल्यामुळे तो दरिद्री झाला असे दिसेल काय?" नाही दिसणार, कारण तो आधीच सबळ होता. तद्वत जो पक्षी सबळ आहे, ज्याच्या वाट्याला चांगले रान आले आहे, तोच अधिक अंडी घालतो व तोच बहुधा हिवाळाही नीट काढतो. म्हणून मोठ्या कुटुंबाची किंमत नुसत्या निरीक्षणात झाकली जाते.

ती उघडी करण्यासाठी ग्रोनिंगनच्या संशोधकांनी पिले लहान असतानाच काही घरट्यांतील दोन पिले काढून दुसऱ्या घरट्यांत ठेवली. त्यामुळे काही जोडप्यांना दोन पिले कमी, तर काहींना दोन अधिक मिळाली. काही घरट्यांतील संख्या होती तशीच ठेवली. कोणाला वाढवावयाचे व कोणाचे कमी करावयाचे हे पक्ष्याच्या बळावर अवलंबून नव्हते, ही यातील मुख्य गोष्ट. याला प्रयोग म्हणतात.

वाढीव घरट्यांतील आईबापांनी पिलांना टाकले नाही. त्यांनी अधिक श्रम केले. पिले सरासरीने काहीशी हलकी भरली, काही दगावलीही. तरी एकंदर उडून गेलेल्या पिलांची संख्या अधिकच भरली. जो अभ्यासक त्या दिवशी वही मिटून घरी गेला असता, त्याने लिहिले असते, "प्रयोग यशस्वी, खरुचीने अधिक अंडी घालावयास हरकत नव्हती."

परंतु वही मिटली नाही. पायांतील कड्यांमुळे मेलेल्या पक्ष्यांच्या खबरा पुढे कित्येक महिने व वर्षे येत राहिल्या. दान, डेरेनबर्ग व डायक्स्ट्रा यांनी १९९६ साली त्या प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या मृत्यूची खबर मिळाली त्यांपैकी, दोन जास्तीची पिले वाढविणारे ६० टक्के पक्षी पहिला हिवाळा संपण्यापूर्वीच मेले होते. ज्यांची पिले तेवढीच ठेवली किंवा कमी केली होती, त्यांच्यात हे प्रमाण २९ टक्के होते. शेकडा ६० आणि शेकडा २९ यांची तुलना मुलांकडून करून घ्यावी. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे. पिले उन्हाळ्यातच उडून गेली होती, घरटे रिकामे झाले होते. आणि त्या श्रमाची किंमत थंडीत चुकती झाली.

पिलांचा लाभ आणि आईबापांच्या पुढील आयुष्याचा तोटा या दोहोंची बेरीज-वजाबाकी केली, तेव्हा असे दिसले की, पक्ष्याने मुळात जितकी अंडी घातली होती तितकीच एकंदरीत सर्वांत फायद्याची होती.

संकलनाचे प्रश्न

१. कोंबडीला बारा पिले झेपतात व घारीला झेपत नाहीत, याचे एक कारण सांगा.
२. खरुची हिवाळ्यात खांबावर बसून व पिले असताना तरंगून शिकार करते. का?
३. काही घरट्यांत पिलांची संख्या तेवढीच का ठेवली?
४. संशोधकांनी पिले उडताच नोंदी बंद केल्या असत्या, तर त्यांचा निष्कर्ष कसा चुकला असता?

उपयोजन

शाळेच्या वळचणीला किंवा जवळच्या झाडावर चिमणी, साळुंकी यांचे घरटे असेल तर दोन विद्यार्थ्यांची एक जोडी करून, दूर बसून, अर्ध्या तासात आईबाप किती वेळा चारा आणतात ते मोजावे. सकाळी, दुपारी व शाळा सुटताना असे तीनदा मोजून तक्ता करावा. हिवाळ्यात माळावर खरुची किंवा कापशी घार दिसल्यास ती किती वेळ तरंगते व किती वेळ बसते याची नोंद घ्यावी. घड्याळ, वही व पेन्सिल यांखेरीज दुसरे साहित्य लागत नाही.

शिक्षकांस सूचना

पहिली सूचना अशी की, घरट्यास हात लावू नये, पिले उचलू नयेत, अंडी हलवू नयेत. वरील प्रयोग शिकलेल्या माणसांनी, परवानगीने व पिलांची पूर्ण काळजी घेऊन केला होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्ष्यांना व त्यांच्या अंड्यांना संरक्षण दिलेले आहे. शिवाय या पाठाचेच तात्पर्य असे आहे की, आईबापांचा हिशेब काटेकोर असतो. आपण केलेल्या त्रासाची भरपाई त्यांना कोठून तरी करावीच लागते, व ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी सूचना. "पक्षी विचार करून अंडी मोजतो" असे सांगू नये. पक्षी गणित करीत नाही. ज्यांचा खर्च मिळकतीच्या फार पुढे गेला त्यांची संतती असंख्य पिढ्यांत मागे पडत गेली व ज्यांचा बेताचा राहिला त्यांची टिकली, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्याचप्रमाणे "पक्षी पिलांसाठी प्राण वेचतो" हे वाक्य आपल्या पाठात वारंवार येते, तेही जपून वापरावे. खरुची प्राण वेचीत नाही. प्राण राखून पिले वाढविते, आणि म्हणूनच पुढल्या वर्षी तिला पुन्हा पिले होतात. यात तिच्या मायेला उणेपणा येत नाही.

तिसरी सूचना. या पाठातून माणसांच्या कुटुंबाविषयी बोधवचन काढून ते मुलांच्या वहीत उतरवू नये. माणसाचा संसार शेजार, नातेवाईक, साठवलेले धान्य, दवाखाना व शाळा यांच्या आधाराने चालतो. तो पक्ष्याच्या मापाने मोजणे योग्य होणार नाही. मुलांना जे सुचेल ते त्यांना सुचू द्यावे.

समारोप

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला ती आता शाळेत नाही. तिला उत्तर देण्याची संधी मी गमावली. परंतु तोच प्रश्न दुसऱ्या एखाद्या वर्गात पुन्हा निघेल यात मला शंका नाही. त्या वेळी उत्तर येत असेल तर द्यावे. येत नसेल तर "मला येत नाही, आपण मिळून शोधू" असे म्हणावे, व प्रश्न तारखेसह फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने त्याबद्दल विचारल्यास हे पान त्यास दाखवावे. माझा तो जुना शेरा आपण सर्वांनी रद्द समजावा, ही विनंती.